व्हिडिओ कॉलमध्ये माइकचा आवाज पुन्हा पुन्हा बारीक होतो: लिनक्सवरील निदान आणि उपाय

माझी आत्या ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते आणि दर शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईच्या काही विद्यार्थिनींना व्हिडिओ कॉलवर गाणे शिकवते. तिच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली मीच बसवून दिलेली असल्यामुळे त्या लॅपटॉपच्या साऱ्या तक्रारींचा धनीही मीच आहे. गेल्या हिवाळ्यात सलग पाच शनिवार एकच तक्रार आली. वर्ग सुरू होतो तेव्हा आवाज स्वच्छ जातो, पण अर्ध्या तासाच्या आत पलीकडून कोणीतरी म्हणते, "ताई, तुमचा आवाज फार बारीक येतोय." मग आत्याचा मला फोन येतो, मी जाऊन सेटिंग्जमधील माइकची पट्टी शंभर टक्क्यांवर नेतो, सर्वांना ऐकू येऊ लागते आणि पुढच्या शनिवारी तीच पट्टी चाळिसाच्या आसपास घसरलेली सापडते.

पाचव्या खेपेला आत्याच म्हणाली, "अरे, तू वाढवून जातोस ते ठीक, पण कमी कोण करतं?" हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. एकदाच उद्भवणाऱ्या बारीक आवाजाचा उपाय पट्टी वाढवणे हा असू शकतो, परंतु आवाज पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर तो खाली आणणारा कोणीतरी आहे आणि शोध त्याचा घ्यायचा असतो. तो शोध कसा घ्यावा, वाटेत कोणती फसवी ठिकाणे लागतात आणि शेवटी आत्याच्या लॅपटॉपवर काय निघाले, ते पुढे लिहिले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत दिली असली तरी टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकायची आहेत.

आधी दिशा ठरवावी

"आवाज कमी येतो" या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि त्यांचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. आपल्याला समोरच्याचे कमी ऐकू येते, की समोरच्याला आपले? सांगणारा माणूस हा फरक बहुधा करत नाही, आणि ऐकणारा स्पीकरची पट्टी वाढवत बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. समोरच्यांपैकी एकाचाच आवाज बारीक असेल आणि बाकीच्यांचा ठीक असेल, तर दोष त्या एकाच्या यंत्रात आहे, तेव्हा आपल्या लॅपटॉपला हात लावू नये.

दुसरी चाचणी कॉलच्या बाहेर करायची. उबुंटूतील साध्या रेकॉर्डरवर किंवा टर्मिनलमधील 'एरेकॉर्ड' या आज्ञेने दहा सेकंद बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि ऐकावे. मुद्रणही बारीक असेल तर दोष खालच्या थरात, म्हणजे माइक, ड्रायव्हर किंवा पातळीत आहे. मुद्रण खणखणीत असूनही कॉलमध्ये आवाज बारीक जात असेल तर दोष ब्राउझर किंवा कॉलच्या प्रोग्रॅमकडे आहे. या नियमाला एक चमत्कारिक अपवाद आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

थर किती आणि कोणते

लिनक्समध्ये आवाज एका नळातून थेट येत नाही. सर्वांत खाली कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, अल्सा हा थर साउंड कार्डाशी बोलतो. त्याच्यावर, निरनिराळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र सांभाळायला, पूर्वी पल्सऑडिओ असे आणि आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर असते. लिनक्सच्या प्रचलित प्रणालींपैकी फेडोराने २०२१ साली ३४व्या आवृत्तीत, उबुंटूने ऑक्टोबर २०२२ मधील २२.१० या आवृत्तीत आणि लिनक्स मिंटने २०२४ साली २२व्या आवृत्तीत हा बदल केला. पाइपवायरच्या शेजारी वायरप्लंबर नावाचा कारभारी बसलेला असतो, तो कोणत्या उपकरणाची आणि कोणत्या प्रोग्रॅमची पातळी किती होती हे लक्षात ठेवतो. सर्वांत वर ब्राउझर किंवा कॉलचा प्रोग्रॅम असतो आणि त्यालाही आवाजाविषयी स्वतःची मते असतात.

प्रत्येक थराची पट्टी वेगळी असते आणि त्या एकमेकींना गुणतात. उपकरणाची पट्टी ५० टक्क्यांवर आणि प्रोग्रॅमचीही ५० टक्क्यांवर असेल, तर एकूण परिणाम २५ टक्क्यांचा होतो. शिवाय या पट्टीवरील टक्के सरळ प्रमाणात नसतात: ५० टक्के म्हणजे मूळ पातळीपेक्षा सुमारे १८ डेसिबल कमी आणि २५ टक्के म्हणजे सुमारे ३६ डेसिबल कमी, म्हणजे जवळजवळ कुजबुज. सेटिंग्जच्या खिडकीत मुख्य पट्टी पूर्ण दिसते म्हणून माणूस निश्चिंत राहतो, आणि प्रोग्रॅमची पट्टी कधीतरी चुकून खाली ओढलेली, वायरप्लंबरने इमानेइतबारे जपून ठेवलेली, तशीच राहते.

हे सर्व एकाच जागी पाहण्यासाठी 'पावूकंट्रोल' हा छोटा प्रोग्रॅम बसवावा. मेनूत तो 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' या नावाने दिसतो, पण पाइपवायरवरही उत्तम चालतो. त्यातील 'प्लेबॅक' आणि 'रेकॉर्डिंग' हे दोन टॅब फक्त चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या पट्ट्या दाखवतात, म्हणून ते कॉल सुरू असतानाच पाहावेत. कॉल संपल्यावर उघडले तर ते रिकामे दिसतात आणि पुष्कळ लोक येथेच हताश होऊन खिडकी बंद करतात.

आत्याच्या लॅपटॉपवर काय दिसले

सहाव्या शनिवारी मी वर्ग सुरू होण्याआधीच तिच्याकडे गेलो, पावूकंट्रोलमधील 'इनपुट डिव्हाइसेस' हा टॅब उघडला, पट्टी नेहमीप्रमाणे १०० वर ठेवली आणि कोणत्याही बटणाला हात न लावता बाजूला बसलो. आत्याने तानपुऱ्याचे अ‍ॅप लावले आणि खर्जातून सुरुवात केली. पट्टी जागच्या जागी होती. भैरवचे आरोह घेत ती तार षड्जावर पोचली तेव्हा पट्टीखालची आवाज दाखवणारी रेघ उजव्या टोकाला जाऊन आपटली आणि माझ्या डोळ्यांदेखत पट्टी १०० वरून ९४ वर आली. दुसऱ्या तानेला ८८, मग ८१. ती पुन्हा मंद्रात उतरली, पण पट्टी वर चढली नाही. वीस मिनिटांत पट्टी ४० वर आली, म्हणजे आवाज सुमारे २४ डेसिबलने घसरला होता.

पट्टी ओढणारा हात ब्राउझरचा होता. ब्राउझरमधील व्हिडिओ कॉल वेबआरटीसी या तंत्रावर चालतात आणि त्यात माइकची पातळी आपोआप सांभाळणारी एक व्यवस्था असते. बोलणाऱ्याचा आवाज फाटू लागला की ही व्यवस्था माइक खाली आणते आणि फार बारीक झाला की वर नेते. खाली आणताना ती झटपट वागते, वर नेताना मात्र हात आखडता घेते. बोलण्यासाठी हे बेताने चालते; पण गाण्यात खर्ज आणि तार यांच्यातले अंतर मोठे असते आणि प्रत्येक तार स्वरागणिक पट्टी एक पायरी खाली उतरते. ही व्यवस्था पट्टी केवळ स्वतःपुरती बदलत नाही, ती संगणकाच्या माइकची पट्टी बदलते, आणि कॉल संपल्यावर वायरप्लंबर तीच खालची पातळी जपून ठेवतो. पुढच्या शनिवारी सुरुवातच तळातून होते.

यात माझा वाटा मला नंतर कळला. लॅपटॉपच्या आतील ॲनालॉग माइकला 'बूस्ट' नावाची एक वेगळी वाढ असते, ती बहुधा १० डेसिबलच्या पायऱ्यांनी ३० डेसिबलपर्यंत जाते. सेटिंग्जमधील पट्टी ही मूळ पातळी आणि बूस्ट या दोहोंची एकत्र पट्टी असते. म्हणजे मी ती १०० वर नेली की बूस्टही पूर्ण चढत होता, आवाज पहिल्याच तार स्वराला फाटत होता आणि पट्टी खाली आणायला ब्राउझरला मीच निमित्त देत होतो. पावूकंट्रोलमध्ये या पट्टीखाली 'बेस' अशी खूण दिसते. ती खूण म्हणजे कोणतीही वाढ न केलेली मूळ पातळी. पुष्कळ लॅपटॉपवर ही खूण अगदी डावीकडे असते. याचा अर्थ ५० टक्क्यांवरसुद्धा भरपूर वाढ झालेली असते. १०० हा आकडा "पूर्ण आवाज" असा वाचणे येथे सर्वस्वी चूक आहे.

म्हणून पहिला उपाय उलटा वाटेल असा आहे: पट्टी कमी करावी. आत्याला सर्वांत जोरात जो स्वर लावायचा असेल तो लावायला सांगितला आणि रेघ उजव्या टोकाच्या थोडी अलीकडे थांबेल अशा बेताने पट्टी ठेवली. ती ५५ वर आली. जो नुसता बोलणार आहे त्याने आपले नेहमीचे, थोडे उत्साहाचे बोलणे यासाठी वापरावे.

दुसरा उपाय ब्राउझरचा हात धरण्याचा. पाइपवायरच्या पल्स भागात, म्हणजे पल्सऑडिओची जागा घेणाऱ्या भागात, 'ब्लॉक-सोर्स-व्हॉल्यूम' नावाचा एक नियम आहे. ज्या प्रोग्रॅमला तो लावाल त्याला माइक वापरता येतो, पण माइकची पट्टी हलवता येत नाही. होम फोल्डरातील 'कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरात 'पाइपवायर', त्यात 'पाइपवायर-पल्स.कॉन्फ.डी' असा फोल्डर करून, 'कॉन्फ' या शेपटाची एक छोटी फाइल ठेवायची. तिच्यात 'पल्स.रूल्स' या मथळ्याखाली दोन गोष्टी लिहायच्या: कोणता प्रोग्रॅम, आणि त्याला कोणता नियम. प्रोग्रॅम ओळखण्यासाठी 'ॲप्लिकेशन.प्रोसेस.बायनरी' हे नाव वापरावे. ते नाव अंदाजाने लिहू नये. कॉल चालू असताना 'पीएसीटीएल लिस्ट सोर्स-आउटपुट्स' ही आज्ञा दिली की माइक वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमचे खरे नाव त्याच शब्दांपुढे दिसते. फाइल ठेवल्यावर 'सिस्टमसीटीएल' या आज्ञेला 'युजर' हा पर्याय जोडून पाइपवायर-पल्स सेवा पुन्हा सुरू करावी आणि ब्राउझर बंद करून परत उघडावा.

ज्यांना फाइलींचे लिहिणे नको आहे त्यांनी आधी कॉलच्या प्रोग्रॅमची सेटिंग्ज तपासावीत. झूमच्या ध्वनी-सेटिंग्जमध्ये माइकची पातळी आपोआप सांभाळण्याची एक चौकट असते, तिची खूण काढली की तो पट्टीला हात लावत नाही.

तानपुरा आणि कूलर

पट्टी स्थिर झाल्यावर एक वेगळीच तक्रार आली: आवाज येतो, पण तानपुरा ऐकू येत नाही आणि लांबवलेला स्वर शेवटी विरत जातो. हा पातळीचा दोष नाही. गोंगाट गाळणारी व्यवस्था सतत एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते, आणि तानपुऱ्याइतका सतत व एकसारखा आवाज दुसरा कोणता? झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय आहे. तो चालू केल्यावर गाळणी थांबते. इतर ठिकाणी 'नॉइज कॅन्सलेशन' किंवा तशा नावाचा पर्याय असल्यास तो गाण्याच्या वर्गापुरता बंद ठेवावा. प्रतिध्वनी येऊ नये म्हणून त्या वेळी हेडफोन लावणे आवश्यक आहे.

हीच गाळणी मे महिन्यात बोलणाऱ्यांनाही छळते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय बसणे अशक्य, आणि कूलर बहुधा लॅपटॉपच्या पाठीशीच असतो. गाळणी कूलरचा आवाज काढताना बोलणाऱ्याच्या शब्दांचे शेवटही काढून टाकते आणि पलीकडच्याला ते "आवाज कमी" असे भासते. येथे बूस्ट वाढवला तर कूलरही तितकाच वाढतो. तारेचा साधा माइक तोंडाजवळ आणणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो कोणत्याही सेटिंगपेक्षा अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

मुद्रण उत्तम, कॉलमध्ये जवळजवळ शांतता

आता तो अपवाद. शेजारच्या काकांच्या लॅपटॉपवर रेकॉर्डरमधील मुद्रण हेडफोनवर अगदी स्वच्छ ऐकू येई, पण कॉलमध्ये त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, पोकळ आणि अतिशय बारीक जाई. ब्राउझर बदलून, सेटिंग्ज धुंडाळून काही उपयोग झाला नाही.

काही लॅपटॉपमधील आतला माइक डाव्या आणि उजव्या बाजूला एकच आवाज देतो, पण एका बाजूची लाट उलटी असते. हेडफोनवर दोन्ही बाजू वेगवेगळ्या कानांत जातात, म्हणून काही बिघडले आहे असे वाटत नाही. कॉलचा प्रोग्रॅम मात्र दोन्ही बाजू एकत्र करून एकच आवाज पाठवतो आणि लाट व उलटी लाट एकमेकींना पुसून टाकतात. जे उरते ते थोडेसे खरखरणारे अवशेष.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. 'इनपुट डिव्हाइसेस' टॅबमध्ये माइकशेजारचे छोट्या कुलपाचे चित्र दाबून डावी आणि उजवी पट्टी सुटी करावी, उजवी शून्यावर आणावी आणि समोरच्याला विचारावे. काकांच्या मुलाने इंदूरहून लगेच सांगितले, "बाबा, आता तुम्ही समोर बसल्यासारखे बोलताय." एकच बाजू उरल्याने आवाज थोडा उतरतो, तेवढी डावी पट्टी वाढवून घ्यावी. वायरप्लंबर ही रचना लक्षात ठेवतो, त्यामुळे एकदा केले की बहुधा पुरते. ज्या रियलटेक चिपांवर हा दोष परिचित आहे त्यांच्यासाठी कर्नलच्या ध्वनी-ड्रायव्हरमध्ये 'इन्व्ह-डीमिक' नावाचा पर्यायही आहे, पण कुलपाची युक्ती लागू पडल्यावर मी तिकडे वळत नाही.

खालच्या थरात उतरायचे असेल तर

मुद्रणच बारीक असेल तर टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' लिहावे. उघडताच बहुधा एकच 'मास्टर' पट्टी दिसते, कारण ते पाइपवायरचे आभासी कार्ड असते. एफ६ दाबून यादीतून खरे कार्ड निवडावे. मग एफ४ दाबल्यावर मुद्रणाच्या पट्ट्या दिसतात. एखाद्या पट्टीखाली 'कॅप्चर' या शब्दाऐवजी नुसत्या रेघा असतील तर ती बंद आहे, स्पेसबार दाबून ती चालू करावी. 'इंटर्नल माइक बूस्ट' शून्यावर आणि 'कॅप्चर' तळाला असेल तर दोष सापडलाच. येथे बूस्ट बदलून पुन्हा सेटिंग्जमधील पट्टी हलवली तर बूस्ट आपल्या जागी राहणार नाही, हे वर सांगितलेल्या कारणामुळे लक्षात ठेवावे. नव्या लॅपटॉपमधील डिजिटल माइकला बहुधा बूस्ट नसतो. तेथे १०० टक्क्यांपुढची वाढ ही केवळ आकड्यांचा गुणाकार असते. पावूकंट्रोल ती १५३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ११ डेसिबल, नेऊ देतो.

तारेच्या हेडफोनविषयी थोडक्यात: लावल्यावर उबुंटू "हेडफोन, हेडसेट की माइक" असे विचारते तेव्हा घाईत 'हेडफोन' निवडले की आवाज लॅपटॉपच्याच माइकमधून जातो आणि तो दूर असल्याने बारीक येतो.

ब्लूटूथ हेडसेटवर वेगळाच प्रकार होतो. गाणी ऐकताना तो एटूडीपी या फक्त ऐकण्याच्या पद्धतीने चालतो, आणि माइक लागताच एचएफपी या ऐकणे-बोलणे दोन्हींच्या पद्धतीवर जातो, जिचा नमुना-दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) बहुधा फक्त ८ किंवा १६ किलोहर्ट्झ असतो. आवाज एकाएकी अरुंद आणि टेलिफोनसारखा होतो, शिवाय दोन्ही पद्धतींच्या पट्ट्या वेगळ्या जपल्या जातात, त्यामुळे एकीत ९० टक्के आणि दुसरीत ३० टक्के असे सहज घडते. कॉल चालू असताना पट्टी वाढवली की ती एचएफपीसाठीच जपली जाते. ऐकण्यासाठी हेडसेट आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा माइक अशी वाटणी करून, 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये हेडसेटला एटूडीपीवरच ठेवले, तर ऐकण्याचा दर्जा टिकतो.

आपल्यालाच समोरच्यांचे कमी ऐकू येत असेल तर 'प्लेबॅक' टॅबमधील ब्राउझरची पट्टी आणि अल्सामिक्सरमधील 'स्पीकर' व 'हेडफोन' या पट्ट्या पाहिल्या की बहुतेक काम होते. लॅपटॉपचे छोटे स्पीकर विंडोजवर अधिक मोठे वाटतात, कारण पुष्कळदा उत्पादकाने तेथे स्वतःची ध्वनिप्रक्रिया घातलेली असते. लिनक्सवर तिची उणीव 'ईझीइफेक्ट्स' या प्रोग्रॅममधील कॉम्प्रेसर आणि लिमिटर ही आवाजाचे चढउतार आवरणारी साधने बऱ्याच अंशी भरून काढतात.

सर्व काही तपासूनही जुनी पातळी परत येत असेल तर वायरप्लंबरची आठवण पुसावी. सेवा थांबवून, होम फोल्डरातील 'लोकल' या लपलेल्या फोल्डरातील 'स्टेट' मध्ये असलेल्या 'वायरप्लंबर' या फोल्डरचे नाव बदलावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. थेट पुसू नये. नाव बदलले असेल तर चुकल्यास परत आणता येते.

आत्याच्या लॅपटॉपवर पट्टी सलग तीन शनिवार ५५ वर राहिली. चौथ्या शनिवारी ती पुन्हा ३८ वर सापडली तेव्हा मी क्षणभर हबकलो. विचारल्यावर कळले की एका विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून आत्याने त्या दिवशी वर्ग दुसऱ्या ब्राउझरमधून घेतला होता, आणि माझ्या फाइलीत नाव पहिल्याचेच होते. कॉल चालू ठेवून सोर्स-आउटपुट्सच्या यादीतून त्याचे नाव घेतले, फाइलीत दुसरी ओळ घातली आणि पट्टी परत ५५ वर आणून ठेवली.